पुण्याच्या बाजारातलं ओव्याचं फूल

शेव करताना ओवा अख्खा घालायचा नाही, हे तुम्हाला आईनं किंवा सासूबाईंनी कधीतरी सांगितलं असेलच. ओवा बारीक वाटायचा, कोमट पाण्यात भिजत घालायचा, ते पाणी फडक्यानं गाळून घ्यायचं आणि त्यात बेसन भिजवायचं. आळस करून अख्खा ओवा टाकला की सोऱ्याच्या चकतीची भोकं बुजतात, तिकडे तेल तापून धूर निघायला लागतो आणि आपण सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत बसतो. मी हे लागोपाठ तीन दिवाळ्या केलं आहे. आमचं वोल्फ्सबुर्गचं घर चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला खिडकी एकच आणि बाहेरच्या बोळात छताला धुराची घंटा. त्यामुळे आता ओवा वाटूनच घेते.

त्या गाळलेल्या पाण्याचा वास आठवा. उग्र, नाकात चढणारा, जिभेला किंचित बधिर करणारा. हा लेख त्या वासाबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या अखेरीला आमच्या बागेच्या तुकड्याशेजारच्या आजोबांकडे गेले होते. तुमच्यापैकी ज्यांनी इथे क्लाइनगार्टन घेतलं आहे त्यांना हे आजोबा लोक माहीत आहेत: कुंपणाची उंची मोजणारे, पण मनाचे चांगले. आमचे शेजारी मधमाश्या पाळतात. मध काढून झाला होता आणि ते पेट्यांना औषध लावत होते. वारोआ नावाची कोळ्याच्या कुळातली बारीकशी कीड माश्यांना चिकटते आणि अख्खी वसाहत संपवते. त्यासाठी त्यांनी एक काचेची बरणी उघडली. आत खडीसाखरेसारखे पांढरे खडे होते. झाकण निघालं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, ‘‘अहो, हे तर ओव्याचं फूल!’’

आजोबा म्हणाले, हे थायमॉल. ट्यूमियानच्या झुडपात असतं ते. मी म्हटलं, नाही, हे आमच्या आजीच्या फडताळातलं आहे. दुसऱ्या दिवशी मी घरून ओव्याची डबी नेली. त्यांनी चिमूटभर ओवा तळहातावर चोळला, नाकाशी नेला, मग बरणी हुंगली, पुन्हा तळहात हुंगला. मग त्यांनी खुर्ची पुढे केली. आमच्या कुंपणावरून असा पाहुणचार पहिल्यांदाच झाला.

बोलणं तेवढ्यावर थांबलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पुण्यातली आजी आणि वोल्फ्सबुर्गचे आजोबा एकच पदार्थ बाळगून होते, तर तो मुळात कुणाचा? जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते. आपली मुलं घरात ‘आजीचं औषध’ आणि ‘आपोटेकेचं औषध’ असे दोन कप्पे करतात, निदान माझी तरी करतात. ती गोष्ट ऐकल्यावर त्यांनी ते कप्पे एकदा उघडून पाहावेत असं वाटलं.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण जर्मनीत पहिल्या वर्षी आपण सगळेच त्यात पडलेलो असतो. दुकानात ‘क्युमेल’ लिहिलेली पुडी दिसते, आपण जिरं समजून घेतो आणि फोडणीत टाकल्यावर कळतं की घरभर बेकरीचा वास सुटला आहे. ते जिरं नव्हे. पावात आणि कोबीत घालतात ते विलायती जिरं. आपलं जिरं म्हणजे क्रॉयत्सक्युमेल. ओव्याला जर्मनमध्ये एक भारदस्त नाव आहे: क्योनिग्सक्युमेल, म्हणजे राजाचं जिरं. ते नाव इथल्या बहुतेक जर्मनांनाही ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचा दुकानात उपयोग शून्य.

ओवा हा धने, जिरं, बडीशेप, शेपू आणि गाजराच्या कुळातला. आपण जो दाणा म्हणतो ते त्याचं फळ. ट्यूमियान, म्हणजे पिझ्झाच्या मसाल्यातलं थाइम, हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं. दोघांचं नातं तसं काहीच नाही. एकाचं झाड छत्रीसारखा पांढरा फुलोरा धरतं, दुसरं खडकाला चिकटून पसरतं. इथून उत्तरेला ल्युनेबुर्गच्या माळरानावर फिरायला गेलात तर वाळूत जांभळ्या फुलांची एक बुटकी जात पायाखाली येते, ती ट्यूमियानचीच बहीण. तरीही दोन्ही झाडं आपल्या तेलात एकच द्रव्य साठवतात, ते थायमॉल. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के उडणारं तेल असतं आणि त्या तेलाचा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास भाग थायमॉलचा असतो. आपल्या कुंडीतल्या जाड, लवदार ‘ओव्याच्या पानां’चं झाड मात्र तिसरंच, तेही तुळशीच्या कुळातलं. त्याची भजी खुशाल करा, पण त्यातून ओवा येईल म्हणून वाट पाहू नका. माझ्या एका मैत्रिणीनं दोन उन्हाळे पाहिली.

ओव्याचं संस्कृत नाव यवानी. जुने व्याकरणकार ते ‘यव’ म्हणजे जवाशी जोडतात. काही आधुनिक अभ्यासकांना त्यात ‘यवन’ दिसतो. दुसरा तर्क एका अर्थी पटण्यासारखा आहे, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाचं मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे, इजिप्तच्या बाजूला शोधतात. खरं असेल तर आपला अस्सल मराठमोळा ओवाही कधीकाळी परदेशातून येऊन स्थायिक झालेला. पण ही स्थायिक होण्याची गोष्ट फार जुनी आहे. चरकसंहितेच्या राजयक्ष्म्यावरच्या अध्यायात ‘यवानीषाडव’ नावाचं चूर्ण आहे, तोंडाला चव नसते तेव्हासाठीचं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात यवानीची कामं सांगितली आहेत: अन्न पचवणं, पोटातला शूळ आणि गुबारा घालवणं, कफ मोडणं आणि कृमी पाडणं. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा मोठा संबंध येणार आहे.

घरातला ओवा ग्रंथांची वाट पाहत बसला नाही. पोट दुखलं की ओवा-मीठ चावून वर गरम पाणी. नाक चोंदलं की तव्यावर भाजलेल्या ओव्याची फडक्यात पुरचुंडी, हुंगायला आणि छातीला शेकायला. गवारीच्या भाजीला ओव्याची फोडणी, कारण गवार वातूळ. भजी, थालीपीठ, चकली, कडबोळी, जिथे जिथे बेसन किंवा तळण तिथे तिथे ओवा. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा, तीळ आणि खोबरं भाजून केलेली सुपारी. बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी. आमच्या घरात आजीला ‘का?’ विचारलं तर ‘वायू धरतो’ एवढंच उत्तर मिळे. त्या दोन शब्दांत सगळं वैद्यक आलं असं तिचं म्हणणं होतं.

आता या सगळ्यातून ओव्याच्या फुलाकडे येऊ. दुसऱ्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगते: ओव्याचं फूल म्हणजे झाडावरचं फूल नव्हे. ओवा पाण्यात उकळून त्याची वाफ थंड करून अर्क काढला की पाण्यावर तेल तरंगतं. ते तेल थंडीत उघड्या भांड्यात ठेवलं की त्यातून पांढरे स्फटिक सुटतात. तेच ओव्याचं फूल. हे स्फटिक, पुदिन्याचं फूल आणि कापूर असे तीन घन पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की काही वेळात त्यांचं आपोआप पाणी होतं. लहानपणी मला ही जादू वाटे. त्या पाण्याला अमृतधारा म्हणतात आणि पंडित ठाकूरदत्त शर्मांनी लाहोरहून त्या नावानं बाटल्या विकून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा धंदा उभा केला. मराठी घरांत ती बाटली प्रवासाच्या पिशवीत असायचीच. डोकं दुखलं तर कपाळाला, पोट दुखलं तर साखरेवर दोन थेंब.

युरोपात याच पदार्थाचा शोध दुसऱ्या टोकानं लागला. बर्लिनच्या राजदरबाराचा औषधी कास्पार नॉयमान यानं १७१९ मध्ये ट्यूमियानच्या तेलातून कापरासारखे स्फटिक वेगळे केले असं मानतात. १८५३ मध्ये लालमां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याला थायमॉल हे नाव दिलं. नेमक्या त्याच दशकात आपल्याकडचे स्फटिक रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागले. स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाउसनं आणि मुंबईत काम करणाऱ्या डॉ. हेन्सनं ते तपासले आणि दोघांनी ठरवलं की हे आणि थायमॉल एकच. हे स्फटिक कुठून आले होते? कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे. १८७४ मध्ये फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या दोघांनी ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्ल्युकिगर तेव्हा जर्मन साम्राज्यातल्या स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात शिकवत होता. त्या ग्रंथात नोंद आहे की हे स्फटिक पुण्याच्या आणि दख्खनमधल्या इतर गावांच्या दुकानांत ‘अजवाइन का फूल’ म्हणून विकायला असतात.

मी ही नोंद वाचली तेव्हा थोडा वेळ नुसती बसून राहिले. पुण्याच्या रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आजीसाठी मी स्वतः कागदाच्या पुडीत ओव्याचं फूल आणलेलं आहे. दुकानदार पुडी बांधताना म्हणायचे, ‘‘डोळ्याला हात लावू नकोस गं.’’ दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी तशीच पुडी बांधून घेतली आणि ती युरोपच्या सर्वांत विद्वान औषधिग्रंथात जाऊन पोचली. ती बांधून देणाऱ्या दुकानदाराचं नाव मात्र त्यात नाही. स्टेनहाउसचं आहे, हेन्सचं आहे. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधींवर लिहिलं, त्यात हे फूल उज्जैनला आणि मध्य हिंदुस्थानात इतरत्र तयार होतं असं आहे. उज्जैन तेव्हा शिंद्यांच्या राज्यात. म्हणजे शुद्ध द्रव्य वेगळं काढण्याची कला तिथल्या अत्तारांना आणि गांध्यांना अवगत होती. ती कुणी आणि कधी सुरू केली हे लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही, कारण ज्यांना येत होतं ते लिहिणाऱ्यांपैकी नव्हते.

इंग्रज डॉक्टरांनी ओव्याला नाकारलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १८६८ च्या सरकारी ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये ओव्याचं तेल आणि ओव्याचं पाणी दोन्ही अधिकृत औषधं आहेत. ओव्याच्या पाण्याला ‘ॲक्वा टायकोटिस’ असं लॅटिन नाव मिळालं आणि दवाखान्यांत ते जुलाबावर आणि कडू औषधांची चव मारायला वापरलं जाऊ लागलं. तो ग्रंथ संपादणाऱ्या एडवर्ड वेअरिंगनं एक गमतीची शिफारसही केली आहे: दारूची ओढ ज्यांना सुटत नाही त्यांना ओवा चघळायला द्यावा. उपाय कितपत लागू पडला कुणास ठाऊक. ऑक्टोबरफेस्टला करून पाहायची माझी तयारी नाही.

आता गोष्ट जर्मनीत येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जखम चिघळते ती जंतूंमुळे हे कळल्यावर सगळ्या युरोपला जंतुनाशक हवं होतं. लिस्टरनं कार्बॉलिक ॲसिड वापरलं, पण ते कातडी जाळायचं आणि वासानं जीव नकोसा करायचं. थायमॉल त्याहून सौम्य आणि सुवासिक. १८७८ च्या सुमारास हाले शहरातल्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात जखमांवर थायमॉलच्या पट्ट्या बांधून पाहिल्या गेल्या. १८७९ मध्ये अमेरिकेत लिस्टरीन निघालं. आज तुमच्या न्हाणीघरात ती बाटली असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा, थायमॉल दिसेल.

दुसरं गिऱ्हाईक याहून मोठं होतं. १८७२ ते १८८२ या काळात आल्प्स पोखरून गॉटहार्डचा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा केला गेला. त्यात राबणारे बरेचसे इटालियन मजूर पांढरेफटक पडून मरायला लागले. १८८० मध्ये कारण सापडलं: अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत. बोगद्यातल्या ओल्या घाणीत अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी चालणाऱ्यांच्या पायांतून ते शिरत होते, हे पुढे कळलं. त्यावर तुरिनच्या बोत्सोलो या डॉक्टरनं थायमॉल देऊन पाहिलं आणि जंत पडले. पुढची तीसेक वर्षं जगभर अंकुशकृमीवरचं मुख्य औषध थायमॉल हेच होतं. १९०९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगानं जंतांविरुद्ध मोहीम उघडली. तिथेही गावोगाव थायमॉलच्या कॅप्सूल आणि नंतर जुलाबाचं मीठ वाटलं गेलं. भावप्रकाशातली ‘कृमी पाडणं’ ही ओळ मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली होती, ती यासाठी.

आणि एवढं थायमॉल यायचं कुठून? ट्यूमियानच्या झुडपात ते असतं, पण थोडं. ओव्यात भरपूर. म्हणून जर्मन कारखान्यांनी ओवाच धरला. लाइपझिगची शिमेल कंपनी तेव्हा सुगंधी तेलांच्या धंद्यात जगात अग्रेसर होती. १९०१ मध्ये तिनं शहराबाहेर मिल्टित्स इथे प्रचंड कारखाना उभा केला. आपल्या शेतांतला ओवा पोत्यांनी बंदरात, बंदरातून बोटीनं जर्मनीत, तिथे त्याचा अर्क निघून थायमॉल वेगळं व्हायचं आणि कुप्यांत भरून जगभर, अगदी हिंदुस्थानातल्या दवाखान्यांतही जायचं. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून निर्यात होणाऱ्या ओव्याचा बहुतांश भाग जर्मनीलाच जात असे. कापूस मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन आला, हे आपण शाळेत शिकलो. ओवा लाइपझिगला गेला आणि औषध होऊन आला, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. फरक एवढाच की कापूस पिंजायची यंत्रं आपल्याकडे नव्हती असं म्हणता तरी येतं. ओव्याचं फूल काढायची भट्टी उज्जैनमध्ये होती.

लाइपझिग इथून गाडीनं दोनशे किलोमीटरच्या आसपास. आपण तिथल्या ख्रिसमसच्या बाजारात जातो, बाखचं चर्च पाहतो. त्या काळी वोल्फ्सबुर्ग म्हणजे आलर नदीकाठचा एक वाडा आणि भोवतालची खेडी. आपण ज्या शहरात राहतो ते १९३८ मध्ये जन्मलं. म्हणजे ओवा आपल्या आधी आला, आपल्या शहराच्याही आधी.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन जर्मनीविरुद्ध युद्धात उतरलं आणि ही वाट एका दिवसात बंद झाली. जर्मनीकडे कारखाने होते, ओवा नव्हता. हिंदुस्थानात ओवा होता, पण त्याचं मोठं गिऱ्हाईक गेलं. बाकी जगाला थायमॉल मिळेना, भाव कडाडले. अमेरिकेत सरकारी शेतीखात्यानं हॉर्समिंट नावाच्या रानटी पुदिन्यातून थायमॉल काढायचे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये ओव्याचा अर्क काढायला सुरुवात झाली, हिंदुस्थानातही काढू लागले. म्हणजे जी गोष्ट दख्खनच्या बाजारात आधीपासून विकायला होती ती ‘सुरू करण्या’साठी एक महायुद्ध लागलं.

पण हे दिवस टिकले नाहीत. अंकुशकृमीवर दुसरी औषधं आली. रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या क्रेसॉलमधून थायमॉल बनवायची रीत बसवली आणि मग ओव्याची गरजच उरली नाही. या गोष्टीचा शेवटचा भाग आपल्या नीडरझाक्सनमध्येच घडतो. दोनेक तासांवर होल्त्समिंडेन हे गाव आहे. १८७४ मध्ये विल्हेल्म हारमाननं तिथे जगातला पहिला कृत्रिम व्हॅनिलाचा कारखाना काढला आणि तेव्हापासून ते वासांचं गाव झालं. तिथल्या हारमान आणि रायमर कंपनीनं १९७० च्या दशकात कृत्रिम मेंथॉलची पद्धत उभी केली. त्यात क्रेसॉलपासून आधी थायमॉल होतं आणि मग थायमॉलपासून मेंथॉल. ओव्याच्या फुलापासून पुदिन्याचं फूल! अमृतधारेच्या बाटलीतले तीनांपैकी दोन भिडू एकाच कढईतून निघाले. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, ‘‘आणि कापूर?’’ कापूरही जर्मनीत कारखान्यात बनू लागला होता, पण ते पुन्हा कधीतरी.

हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.नं जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तो विजय आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाच. ओव्याच्या बाबतीत मात्र कुणी चोरी केली असं मी म्हणणार नाही. शिमेलनं ओवा पैसे देऊन विकत घेतला, पुस्तकांत त्याचं मूळ नाव लिहिलं. गेलं ते दुसरंच काही. ज्यांच्या हातात ही भट्टी होती त्यांना कारखाना काढायला भांडवल मिळालं नाही, आणि आपल्या शिकलेल्या लोकांनी तिला ‘बाजारू’ म्हणून पाहिलं नाही. निदान मला ते असं दिसतं. तुमचं मत वेगळं असेल तर पुढच्या अंकात जरूर लिहा.

आता थोडं आपल्या घरांबद्दल, कारण आजी-आजोबा इथे येतात तेव्हा हा प्रश्न उभा राहतोच. माझ्या मुलीच्या जन्मानंतर आई आली, तिच्या सामानात ओवा, वावडिंग आणि मातीची छोटी शेगडी. पाचव्या दिवशी मी झोपलेली असताना तिनं बाल्कनीचं दार उघडं ठेवून धुरी घातली. छतावरची घंटा अशी किंचाळली की बाळापेक्षा शेजारची बाई आधी धावत आली. नेमकी त्याच वेळी आमची हेबामे, म्हणजे घरी येणारी सुईण, दारात. मला वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. तिनं शेगडीत डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि शांतपणे म्हणाली, वास चांगला आहे, धूर नको. धूर बाळाच्या छातीला वाईट. मग तिनं पिशवीतून स्वतःची डबी काढली: क्युमेलचं मलम, बाळाच्या पोटावर बेंबीभोवती गोल चोळायला, वायू सुटावा म्हणून. आई म्हणाली, ‘‘म्हणजे आपण हिंग लावतो तसंच की.’’ मी दुभाष्याचं काम केलं. दोघींचं फक्त एकाच गोष्टीवर जमलं नाही, ते टाळू भरण्यावर.

त्या दिवसापासून धुरी बंद झाली आणि मला ती बंद झाल्याचं दुःख नाही. ओवा जुना आहे म्हणून निखाऱ्याचा धूर चांगला ठरत नाही. ओव्याचं फूल तर मुळीच लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. दाणा आणि स्फटिक यांत फार अंतर आहे. गॉटहार्डच्या काळातल्या डॉक्टरांना हे महागात पडून कळलं. थायमॉल घेतल्यावर तेल, तूप किंवा दारू पोटात गेली तर ते रक्तात उतरून विष होई, आणि त्यानं रोगी दगावले आहेत. आजीही फूल ‘गव्हाएवढं’ मोजून द्यायची आणि पोरांना शिवू द्यायची नाही. बाळांना काय द्यायचं ते किंडरआर्त्स्टला विचारा. ओवा थालीपीठात घाला.

पण मुलीला खोकला झाला की मी आपोटेकेतून ट्यूमियानचं सिरप आणते. जर्मनीत औषधी वनस्पती तपासण्यासाठी १९७८ मध्ये ‘कोमिसियोन ए’ ही तज्ज्ञ समिती नेमली गेली होती. तिनं ब्राँकायटिस आणि डांग्या खोकल्याच्या लक्षणांसाठी ट्यूमियानला मान्यता दिली.  पहिल्यांदा ते सिरप चमच्यात ओतलं तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. तिनं वास घेतला आणि म्हणाली, ‘‘आई, ह्यात शेव घातलीय का?’’

गेल्या दिवाळीत शेजारच्या आजोबांना फराळाचा डबा नेऊन दिला. करंजी त्यांना फार गोड लागली, चकली त्यांनी दोनदा घेतली. शेवेची एक काडी तोंडात टाकून ते सावकाश चावत राहिले. मग मान हलवून गंभीरपणे म्हणाले, ‘‘आता मला वारोआ होणार नाही.’’